वॉर्डवरून आल्यावर : नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा समुपदेशन गट कसा चालवावा

वेळापत्रक, जागा, चहापाणी हे सगळं नंतर. आधी ठरवायचं ते एवढंच, की गट कोण घेणार. इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात आहेत, लॉगबुकवर ज्यांची सही लागते, त्या व्यक्तीने गट घेऊ नये. बहुतेक कॉलेजांत हे काम आपसूक मेंटल हेल्थ नर्सिंगच्या मॅडमकडे जातं, कारण विषय त्यांचा. त्यांना काम येतं यात शंका नाही. पण ज्या मुलीला पुढच्या महिन्यात त्यांच्याच समोर व्हायवा (तोंडी परीक्षा) द्यायचा आहे, ती "मला वॉर्डात जायची भीती वाटते" असं म्हणणार नाही. ती "छान चाललंय मॅडम" म्हणेल, आणि गटाच्या आठही बैठका छान चालल्याच्या पार पडतील.

यावर सोपा तोडगा म्हणजे अदलाबदल. जवळच्या दुसऱ्या नर्सिंग कॉलेजच्या मानसिक आरोग्याच्या प्राध्यापिकांनी तुमच्या मुलींचा गट घ्यायचा, तुमच्या मॅडमनी त्यांचा. संलग्न रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिक सोशल वर्कर असेल तर उत्तमच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असायला हवा; त्यामुळे "बाहेरचा माणूस कशाला" हा प्रश्न मॅनेजमेंटने विचारला तर उत्तर हाताशी आहे.

गट दोघांनी घ्यावा. एकजण बोलता ठेवतो, दुसरा पाहतो. कुणी उठून बाहेर गेलं तर मागे जायला दुसरा लागतोच. एकट्याने गट घेतला की अशा वेळी बाहेर गेलेली तरी एकटी पडते, नाहीतर आत बसलेल्या नऊजणी.

गटात कोण, किती, कधी

आठ ते दहाजण. सहापेक्षा कमी झाले तर दोघी गैरहजर असताना गट राहतच नाही, बारापेक्षा जास्त झाले की तिघी-चौघी कायमच्या प्रेक्षक होतात. साठांची बॅच असेल तर सहा गट होतात. सगळे एकदम सुरू करण्याचा मोह टाळावा. दोनापासून सुरुवात करावी.

बी.एस्सी. नर्सिंगमध्ये तिसरं सेमिस्टर ही योग्य वेळ. ॲडल्ट हेल्थ नर्सिंगचं पोस्टिंग सुरू झालेलं असतं, मेडिसिन-सर्जरीचे भरलेले वॉर्ड, पहिला मृत्यू, पहिली ओरड हे सगळं याच सुमाराला येतं. पहिल्या सेमिस्टरचा त्रास वेगळा असतो: घरची आठवण, होस्टेलचं जेवण आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना अचानक इंग्रजीत ॲनाटॉमी. त्यासाठी वेगळा गट काढावा, दोन्ही एकत्र करू नयेत. शिवाय प्रवेशाचं किमान वय सतरा असल्यामुळे पहिल्या वर्षातल्या काहीजणी अजून अठराच्या झालेल्या नसतात. त्यांच्या पालकांची लेखी संमती लागते.

रूममेट एकाच गटात नकोत. खोलीतलं भांडण गटात येतं आणि गटातलं बोलणं रात्री खोलीत पुन्हा दळलं जातं. मुलगे कमी असतील तर एकेकाला वेगवेगळ्या गटांत वाटू नये. एका गटात निदान दोघे-तिघे तरी असावेत, नाहीतर तो एकटा मुलगा आठ आठवडे विनोद करून वेळ काढतो. भाषा मराठीच ठेवावी. केरळची किंवा हिंदीभाषक मुलं असतील तर हिंदी चालेल, पण इंग्रजीचा आग्रह नको. इंग्रजीत बोलताना माणूस बरोबर वाक्य शोधतो आणि जे सांगायचं ते राहून जातं.

बैठक ७५ मिनिटांची, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी. ती क्लिनिकलच्या, म्हणजे वॉर्डातल्या कामाच्या वेळेत अजिबात घेऊ नये. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानुसार परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी प्रत्येक प्रॅक्टिकल क्षेत्राची हजेरी १०० टक्के भरून काढावी लागते. गटासाठी बुडवलेले तास पुढे सुट्टीत भरावे लागले, तर मुली गटाला शिव्या देतील आणि त्यांचं चुकणार नाही. सकाळचं पोस्टिंग संपलं, जेवण झालं, त्यानंतरची दुपार बरी. नाइट ड्यूटी करून आलेल्यांना त्या दिवशी बसवू नये. झोपेचं कर्ज कुठल्याही समुपदेशनाने फिटत नाही.

जागा म्हणाल तर दार बंद होईल अशी कुठलीही खोली, मधे टेबल न ठेवता गोलात मांडलेल्या खुर्च्या. प्रिन्सिपलच्या केबिनसमोरची खोली आणि वॉर्डनच्या खोलीला लागून असलेला हॉल, या दोन सोडून.

आधीची पंधरा मिनिटं

प्रत्येकीला गटाआधी पंधरा-वीस मिनिटं एकटीला भेटावं. ही पायरी गाळली की पहिला मोठा अपघात ठरलेला. गटात येणाऱ्यांपैकी एखादीला गटाची नव्हे, डॉक्टरांची गरज असते आणि ते चौथ्या बैठकीत सगळ्यांसमोर कळणं कुणाच्याच हिताचं नाही.

या भेटीत पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्यासाठीची प्रश्नावली भरून घ्यावी. गुण शून्य ते सत्तावीस. दहा किंवा त्यापुढे असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं; गट सोबत चालू शकतो का ते त्यांना विचारून ठरवावं. नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एकूण गुण कितीही असोत, तिथे शून्याशिवाय काहीही लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी, त्याच खुर्चीत बसून थेट विचारायचं: "जीव द्यावासा वाटतो का? कसा ते ठरवलंय का?" विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार शिरत नाही, असलेला बाहेर येतो. उत्तर काळजीचं असेल तर तिला एकटीला होस्टेलवर पाठवायचं नाही. तज्ज्ञांच्या हाती सोपवेपर्यंत कुणीतरी सोबत राहायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो सगळ्यांनाच कागदावर द्यावा.

आणि या भरलेल्या प्रश्नावल्या ऑफिसच्या कपाटात ठेवायच्या नाहीत. नावाऐवजी कोड नंबर, आणि कोणता कोड कुणाचा ती यादी फक्त गट घेणाऱ्याच्या कुलपात.

मोजायचं असेल तर

उभारी, म्हणजे खचल्यावर पुन्हा उभं राहण्याची ताकद, मोजायला ब्रीफ रेझिलियन्स स्केल पुरतं. सहा विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. दुसरं, चौथं आणि सहावं विधान उलट्या अर्थाचं आहे, त्यांचे गुण उलटे करायचे (एकचे पाच, दोनचे चार), मग सहांची सरासरी काढायची. तीनच्या खाली कमी, ४.३० पर्यंत सर्वसाधारण, त्याच्या वर जास्त. गुण उलटे करायला विसरणं ही या मोजणीतली सर्वांत नेहमीची चूक. सगळ्यांची सरासरी तीनच्या आसपास घुटमळताना दिसली की आधी तेच तपासावं. २५ विधानांचं कॉनर-डेव्हिडसन स्केल वापरायचं असेल तर त्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

परीक्षेच्या आठवड्यात मोजणी करू नये. आणि नऊजणींची सरासरी २.८ वरून ३.३ वर गेली म्हणून गट यशस्वी झाला असं नोटीस बोर्डावर लावू नये. दोन महिन्यांत वॉर्ड बदलतो, हात बसतो, ओरडणाऱ्या सिस्टरची बदली होते. तुलनेला गटात नसलेल्या मुली नसतील, तर आकडा फक्त "कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं" एवढ्यासाठी वापरावा.

पहिली बैठक : वॉर्डाचा नकाशा

नियम आधी, आणि थोडेच. इथलं बोलणं इथेच राहील. बोलायची सक्ती नाही, "पुढे" म्हटलं की पुढची. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. मोबाइल बंद, आणि गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही. शेवटच्या नियमावर कुरकुर होते, पण ठाम राहावं. रात्री अकरा वाजता कुणीतरी लिहिलेलं "मला जगावंसं वाटत नाही" सकाळी सातला वाचलं जाणं, ही जोखीम घ्यायची नसते.

गुप्ततेची हद्दही याच वेळी सांगायची, पुढे कधीतरी नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल, रॅगिंग किंवा लैंगिक छळ असेल, अठरा वर्षांखालच्या कुणावर अत्याचार झाला असेल, तर गट घेणारा गप्प बसणार नाही. मात्र काय करणार ते आधी त्या मुलीला सांगेल. हे न सांगता पुढे वेळ आली की विश्वासघात झाल्यासारखं वाटतं आणि एका मुलीचा नव्हे, अख्ख्या बॅचचा विश्वास जातो.

मग ओळख. "तुमच्या भावना सांगा" असं म्हणून सुरुवात केली की खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येतो. त्याऐवजी प्रत्येकीला एक कोरा कागद आणि लाल पेन द्यायचं. सध्याच्या वॉर्डाचा नकाशा काढा: बेड, नर्सिंग स्टेशन, ट्रीटमेंट रूम, स्लूस रूम (मलमूत्राची भांडी धुवायची खोली), लिफ्ट. जिथे गेल्यावर पोटात गोळा येतो तिथे लाल टिंब. दहा मिनिटं. मग सगळे कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडायचे आणि काही न बोलता मिनिटभर बघायचं. बहुतेक टिंबं त्याच दोन-तीन जागी पडलेली असतात: राउंड चालू असलेला बेड, इन्चार्ज सिस्टरची खुर्ची, नातेवाइकांनी अडवायची जागा. "मलाच जमत नाही" ही समजूत इथे जेवढी हलते तेवढी भाषणाने हलत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ इर्विन यालोम यांनी गटोपचारातले गुणकारी घटक सांगितले, त्यात हे "सगळ्यांचंच असं असतं" उमगणं येतं. पहिल्या बैठकीचं काम तेवढंच.

नकाशे जपून ठेवा. आठव्या बैठकीला लागतात.

दुसरी : श्वास, पण वॉर्डात बसेल असा

वीस मिनिटांचं ध्यान शिकवून उपयोग नाही, वॉर्डात वीस मिनिटं कुणाकडे असतात? साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि ते दिवसात कितीतरी वेळा करायचंच असतं. चार अंक मोजत नाकाने श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. असे पाच श्वास म्हणजे ५० सेकंद. बेसिनपाशी, हात धुता धुता. कुणाला कळतही नाही.

दोन गोष्टी बिघडतात. मुली छाती भरभरून श्वास घेतात आणि चक्कर येते. श्वास खोल नको, फक्त बाहेर सोडणं लांब हवं. दुसरं, डोळे मिटायला लावलं की काहींना आत साठलेलं दृश्य दिसू लागतं. डोळे उघडेच ठेवा, नजर नळावर. होस्टेलवर झोप येत नसेल तर पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू पाच सेकंद आवळून सैल सोडायची जेकबसन यांची पद्धत शिकवावी. ती तिथेच ठीक, वॉर्डात नाही.

तिसरी आणि चौथी : डोक्यातलं वाक्य

इथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती वापरायची. मराठीत ती रुजवली कि. मो. फडके यांनी, त्यामुळे शब्दांसाठी अडत नाही. कागदावर तीन रकाने: घडलं काय, मनात आलं काय, झालं काय. उदाहरण गटाकडूनच यावं. नाही आलं तर हे ठेवावं. रुग्ण आणि नातेवाइकांसमोर सिस्टर म्हणाल्या, "एवढंही येत नाही?" हा पहिला रकाना. तिसरा: हात थरथरले, दुसऱ्या दिवशी आजारी असल्याचं सांगून ड्यूटी चुकवली. मधला रकाना सहसा रिकामाच राहतो. "काहीच मनात आलं नाही, वाईट वाटलं." घाई न करता विचारत राहावं. हळूहळू निघतं: "मी या फील्डसाठी नाहीच." "माझी चूक होताच कामा नये." "आता सगळा वॉर्ड मला ढ समजणार."

मग त्या वाक्याला प्रश्न. पुरावा काय? तुझ्या मैत्रिणीला असं झालं असतं तर तू तिला ढ म्हणाली असतीस का? "चूक होताच कामा नये" आणि "चूक होऊ नये असं मला मनापासून वाटतं, झालीच तर लगेच सांगेन" यांत कुठलं वाक्य डोक्यात असताना हात कमी थरथरेल? उत्तर मुलीने स्वतः लिहायचं, तिच्या बोलीत. पुस्तकी वाक्य वॉर्डात आठवत नाही.

या दोन बैठका उपदेशाकडे फार पटकन घसरतात. गटातली एखादी उत्साही मुलगी "पॉझिटिव्ह विचार कर ना" म्हणते, समोरची मान हलवते आणि बोलणं संपतं. तेव्हा थांबवायचं: विचार चांगला करायचा नाहीये, खरा करायचा आहे. आणि याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. सिस्टर रोजच सगळ्यांसमोर अपमान करत असतील तर "माझा अपमान होतो" हा अविवेकी विचार नाही, ती वस्तुस्थिती आहे. तिच्यावर रकाने आखायला लावणं म्हणजे मुलीलाच दोष देणं.

म्हणून भिंतीवर पहिल्या दिवसापासून दोन तक्ते लावावेत: "आपण हाताळू" आणि "ऑफिसने हाताळायचं". ड्यूटीवर मुलींना बसायला जागा नाही, विद्यार्थ्यांकडून मावशींची कामं करून घेतात, सुट्टीत भरपाईचे तास लावतात, स्टायपेंड रखडलाय. हे सगळं दुसऱ्या तक्त्यावर. गटाच्या परवानगीने, नावं न घेता, गट घेणाऱ्याने ते प्रिन्सिपलपुढे ठेवायचं आणि काय उत्तर आलं ते पुढच्या बैठकीत सांगायचं. उत्तर नकारार्थी असलं तरी सांगायचं. हा दुसरा तक्ता नसेल तर गट म्हणजे सोसायला शिकवण्याचा वर्ग होतो, आणि मुलींना ते आपल्याआधी कळतं. रॅगिंगची तक्रार मात्र तक्त्यावर थांबत नाही. ती लगेच अँटी-रॅगिंग समितीकडे जाते. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे.

पाचवी : तोंड उघडणं

तिघीतिघींचे गट. एक बोलणारी, एक समोरची (डॉक्टर, सिस्टर किंवा चिडलेला नातेवाईक), एक पाहणारी. तीन मिनिटं प्रसंग, दोन मिनिटं पाहणारीने फक्त दिसलं ते सांगायचं, मग तोच प्रसंग पुन्हा. दुसरी खेप गाळू नका, शिकणं तिच्यात असतं. एसबीएआर (स्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी या क्रमाने डॉक्टरांना कळवायची पद्धत) त्यांना पाठ असतं, जिभेवर नसतं. चालण्यासारखं वाक्य: "सर, बेड नंबर बाराचं बीपी नव्वद बाय साठ आहे, काल ऑपरेशन झालंय, ड्रेसिंग रक्ताने भिजलंय, तुम्ही आत्ता बघायला याल का?" आणि न येणाऱ्या कामासाठी: "सिस्टर, मी हे एकदाच पाहिलंय, केलेलं नाही. तुम्ही शेजारी उभ्या राहिलात तर करते."

जिचा खरोखर अपमान झाला आहे तिला पहिल्या खेपेला स्वतःची भूमिका देऊ नये. तिला आधी पाहू द्यावं. डॉक्टरांच्या नकला होऊन हशा पिकतो, तो दोन मिनिटं होऊ द्यावा.

सहावी : चूक आणि सुई

सुई टोचल्यावर ती लपवणं ही भीतीची सर्वांत महागडी किंमत. म्हणून या बैठकीत आधी प्रक्रिया पक्की करायची: जखम दाबून रक्त काढायचं नाही, साबण-पाण्याने धुवायची, लगेच इन्चार्जना सांगायचं, नोंद करायची. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. त्यानंतर विचारायचं, "सांगायला काय अडवेल?" उत्तरं ठरलेली: ओरडतील, घरी कळेल, लग्न जमणार नाही. प्रत्येक उत्तरापुढे "मग कुणाला आधी सांगशील?" आणि एक नाव लिहून घ्यायचं. चुकीचं औषध, चुकलेला डोस यांसाठीही तेच.

सातवी : मृत्यू

आधीच्या आठवड्यात सांगून ठेवावं की पुढच्या वेळी हा विषय आहे, ज्यांना नको त्यांनी ऐकायलाच यावं किंवा येऊ नये. एखादीच्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर तिच्याशी आधी वेगळं बोलावं.

दोघींचंच सांगणं घ्यावं, जास्त नाही. ७५ मिनिटांत पाच मृत्यू ऐकून नऊ मुलींना होस्टेलवर पाठवणं धोक्याचं आहे. मोठ्या धक्क्यानंतर एकदाच बसवून सगळं सविस्तर ओकायला लावण्याचा फायदा संशोधनात दिसलेला नाही. काहींना त्याने त्रासच झालेला आहे. म्हणून प्रसंगाच्या तपशिलात खोल नेऊ नये. प्रश्नांचा क्रम असा: तेव्हा तुझ्याकडे काम काय होतं? सोबत कोण होतं? नंतर काय लक्षात राहिलं? आता ते कधी आठवतं? पुष्कळदा मृत्यूपेक्षा त्यानंतरचंच जास्त सलत असतं. बॉडी पॅक करताना कुणी काहीच बोललं नाही, नातेवाईक रडत असताना बेड रिकामा करायची घाई होती, आणि अर्ध्या तासात त्याच बेडवर नवीन ॲडमिशन. यावर गटाला विचारावं: पुढच्या वेळी, त्या अर्ध्या तासात, अर्धा मिनिट कुठे काढता येईल? चादर ओढण्याआधी नाव घेऊन "आता तुम्हाला पुसून घेते" म्हणणं, एवढंही काहींना पुरतं.

कुणी रडू लागली तर टिश्यूचा डबा लगेच तोंडापुढे धरू नका. त्याचा अर्थ "आवर आता" असा होतो. डबा मधे जमिनीवर ठेवलेला असावा. शेवटची पंधरा मिनिटं रोखून ठेवायची: दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. मग चहा. त्या रात्री होस्टेलवर कोण कुणासोबत जेवणार ते ठरवूनच निघायचं.

आठवी, आणि सहा आठवड्यांनी

पहिल्या दिवशीचे नकाशे परत द्यायचे. लाल टिंबांवर आता काय करणार ते प्रत्येक टिंबाशेजारी निळ्या पेनने लिहायचं: एखादं वाक्य, श्वास किंवा एखाद्या माणसाचं नाव. काही टिंबांपुढे काहीच सुचत नाही. ती तशीच राहू द्यावीत, ओढूनताणून भरायला लावू नयेत. प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी, कोड तपासून.

सहा आठवड्यांनी एक तासाची एकच बैठक. तोपर्यंत पोस्टिंग बदललेलं असतं, बहुधा पीडियाट्रिक किंवा आयसीयू. कोरा कागद आणि लाल पेन पुन्हा लागेल.